रक्तगट जुळला म्हणजे काय जुळले?

मा. संपादक,

खुनाच्या खटल्याची बातमी असली की ‘आरोपीच्या कपड्यांवरील रक्त मृताच्याच गटाचे’ हे वाक्य ठळक छापले जाते आणि वाचणारा मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होतो. रक्तपेढीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ते इतके सहज पचत नाही.

पेढीत आम्ही गट दोन्हीकडून तपासायचो, पेशींवरून आणि सीरमवरून, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवावरून. मेळ बसला नाही तर पिशवी अडवून ठेवायची. शर्टावर वाळलेल्या डागात पेशी फुटलेल्या असतात आणि सीरममधली प्रतिद्रव्येही (अँटिबॉडी) दिवसेंदिवस क्षीण होतात. म्हणजे पडताळ्याची एक बाजूच लंगडी. उरलेली गटद्रव्ये, म्हणजे गट ठरवणारी प्रतिजने (अँटिजेन), तरी रक्तातलीच कशावरून? दहापैकी साधारण आठ जणांच्या लाळेत-घामातही ती उतरतात. समजा, मृत ‘ए’ गटाचा आणि शर्टवाला ‘बी’चा. घामेजलेल्या कॉलरवर रक्त उडाले, तर अहवालात ‘एबी’ येऊ शकते, म्हणजे दोघांचाही नसलेला गट! बचावाच्या वकिलाला आणखी काय हवे?

जिवाणूंची करामत तर औरच. काहींच्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) ‘ए’ प्रतिजन बदलून ‘बी’सारखे वागू लागते, आतड्याच्या कर्करोगाच्या एखाद्या रुग्णाच्या रक्तातही हे घडते. काही जिवाणूंच्या अंगावर मुळातच ‘बी’सारखे प्रतिजन असते. उसाच्या फडातला चिखल लागलेला सदरा, त्यात आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट, आणि तो ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सील! अशा मुद्देमालावर प्रयोगशाळेने ‘गट अनिर्णित’ असा शेरा मारला, तर तो प्रामाणिकपणा असतो. चावडीवर मात्र ‘रिपोर्ट मॅनेज झाला’ म्हणतात. डीएनएने माणूस ओळखता येतो हे खरे, पण कुजक्या डागात तोही तुटतो.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची तरतूद आहे. अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे. तोवर भिस्त पंचनामा करणाऱ्या हवालदारावर. कपडे सावलीत वाळवावेत, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घालावा, आणि डाग नसलेला भागही तपासणीला जाईल असे पाहावे. त्या कोऱ्या भागातही तोच गट आला, तर डागाच्या गटाला काय किंमत?

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. ‘गट जुळला’ असे छापताना कोरा भाग तपासला होता का आणि डीएनए झाला का, हे सरकारी वकिलांना विचारून तेही छापावे.

– एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, मंगळवार पेठ, कोल्हापूर