ब्राउझरमध्ये बाहेरचं काही बसवू नका

श्टुटगार्ट, ११ जानेवारी २०२६

ती. बाबांना सा. न.,

फोनवर तुम्ही "कॉम्प्युटर बिघडलाय" म्हणता, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी कॉम्प्युटरच्या नसतात, क्रोम या ब्राउझरच्या असतात. कोणती की कुठे दाबायची हे व्हिडिओ कॉलवर सांगताना गोंधळ होतो, म्हणून लिहूनच पाठवते. छापून टेबलाशी ठेवा.

आधी एक ताकीद. पीडीएफ बनवून देणारं, वेग वाढवणारं, कूपन शोधणारं असलं कुठलंही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा बाहेरचा छोटा प्रोग्राम, बसवू नका. त्यातली बरीचशी, तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचायची परवानगी मागतात. त्यात बँकेचं पानही आलं. आणि तुम्हाला लागतं ते जवळजवळ सगळं ब्राउझरमध्ये आधीपासूनच असतं.

उजव्या कोपऱ्यात खाली "तुमच्या संगणकात व्हायरस सापडले" अशी पाटी सरकत येते, तो व्हायरस नव्हे. कुठल्या तरी साइटने "तुम्ही रोबो नाही हे दाखवा" म्हणून 'अलाव' दाबायला लावलं, आणि ती परवानगी होती नोटिफिकेशन पाठवायची. वर उजवीकडचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटांची यादी तिथे दिसेल. अनोळखी नावापुढचे ठिपके दाबून 'ब्लॉक' करा. 'रिमूव्ह' नको, कारण मग तीच साइट पुन्हा विचारायला मोकळी.

बँकेची साइट गुगलवर शोधून उघडू नका. वर येतात त्या पुष्कळदा जाहिराती असतात, आणि कस्टमर केअरचे खोटे नंबरही तसेच पेरलेले असतात. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं; हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पासबुकावरून किंवा शाखेतून पत्ता घ्या, एकदा नीट टाइप करा आणि कंट्रोल + डी दाबून बुकमार्क करून ठेवा. पत्त्याशेजारच्या कुलपावर विसंबायचे दिवस गेले. खोट्या साइटलाही ते मिळायचं, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं. त्यापेक्षा खात्रीची खूण अशी, की ब्राउझरने जपलेला पासवर्ड त्याच पत्त्यावर भरला जातो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज आला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता अक्षरन् अक्षर वाचा. बँकेचा पत्ता नुकताच बदलला असेल तर पहिल्या वेळी तो येणार नाही, तेवढं लक्षात असू द्या.

सातबारा किंवा बिलाचे पैसे कापले गेले आणि कागद उघडलाच नाही, तर पुन्हा पैसे भरू नका. बहुधा कागद नव्या खिडकीत उघडायचा असतो आणि क्रोमने ती अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला खिडकीचं बारीक चिन्ह दिसेल. त्यातून त्या साइटला परवानगी द्या आणि डाउनलोडचं बटण पुन्हा दाबा. कागद साठवायला कंट्रोल + पी, 'डेस्टिनेशन'मध्ये 'सेव्ह ॲज पीडीएफ'. उजवी कड कापली जात असेल तर 'मोअर सेटिंग्ज'मध्ये 'स्केल' ८० करा किंवा पान आडवं घ्या. रंगीत पट्टे उडाले असतील तर 'बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिक.

एखादी साइट अर्धवटच उघडते? आधी कंट्रोल + शिफ्ट + एन दाबून इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे नीट चालली तर दोष साठलेल्या जुन्या फायलींचा नाहीतर एखाद्या एक्स्टेन्शनचा. मग कंट्रोल + शिफ्ट + डिलीट, आणि फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'वर टिक. 'कुकीज'वर केलीत तर बहुतेक साइटांवरून लॉग आउट व्हाल, 'पासवर्ड्स'वर केलीत तर जपलेले सगळे पासवर्ड गेले. (इनकॉग्निटो म्हणजे अदृश्य नव्हे, बरं का. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे कळतंच.)

चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टी ने परत येतो. अक्षरं एकदम मोठी झाली तर समजा, कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलं. कंट्रोल + ० केलं की पूर्ववत. आणि जीआर (शासन निर्णय) शोधताना गुगलमध्ये विषय लिहून पुढे इंग्रजीत site, कोलन (:) आणि सरकारी साइटचा पत्ता लिहा. कोलननंतर जागा सोडलीत तर उपयोग नाही.

आईचे डोळे दुखतात, तर तिला विंडोजमधला एज हा ब्राउझर उघडून द्या. बातमीच्या पानावर कंट्रोल + शिफ्ट + यू दाबलं की तो मोठ्याने वाचून दाखवतो. 'व्हॉइस ऑप्शन्स'मध्ये मराठी आवाज निवडा, बाईचा आणि पुरुषाचा दोन्ही आहेत, आणि वेगही तिथेच कमी होतो. इंटरनेट चालू हवं. ई-पेपर मात्र उघडू नका, तिथे पान बहुधा चित्राच्या रूपात असतं. वर्तमानपत्राच्या साइटवरची बातमी उघडा.

आईला नमस्कार.

तुमची,
नीलू