काकाजींची बीपीची गोळी

लाखांदूर, २८ जुलै

प्रिय सुधाकर,

काल तू फोनवर काकाजींवर ओरडलास, ते मला पटलं नाही. तोंडी सांगितलं तर तू मधेच तोडशील, म्हणून हे पत्र.

त्यांनी गोळी आळसाने सोडलेली नाही. उपकेंद्रात बीपी १३२/८४ निघाला. मग त्यांचा हिशेब सरळ होता, "नार्मल झाला न बीपी, मंग कायले खाऊ?" ताप उतरला की गोळी बंद, हेच आपल्या घराघरांत चालत आलंय. पण आकडा उतरला तो गोळीनेच. सोडली की तो पुन्हा चढतो आणि चढताना बहुतेकांचं काहीच दुखत नाही. कित्येकांना पहिली खबर लागते ती लकवा मारल्यावर.

खरं कारण मात्र त्यांनी तुझ्यापासून लपवलं. पाय सुजतात त्यांचे. मी घोट्याच्या वर बोट दाबून पाहिलं, खड्डा तसाच राहिला. काकू म्हणतात, दिवसभर रोवणीच्या चिखलात उभं राहून झालं. तसंही असेल, पण त्यांची बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन होती आणि तिने अशी सूज येऊ शकते. डॉक्टर पाय तपासून डोस कमी करतात, नाहीतर दुसरी गोळी देतात. एवढं त्यांना कुणी सांगू नये, याचा मला फार राग आला. सूज दिसल्यावर म्हातारा माणूस गोळी सोडणार नाही तर काय करणार?

त्यात कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी. तिनेही बीपी वाढतो, हे काकाजींना ठाऊकच नव्हतं. मिठाचं मी काकूंशी बोललो. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, लोणचं-पापड धरून. त्या चमच्याकडे बघतच राहिल्या.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा राज्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला भंडारा होता. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. पण रोवणीच्या दिवसांत तिथे जायचं म्हणजे मजुरी बुडते, हे पुण्यात बसून ध्यानात येत नाही रे.

गुरुवारी मी त्यांना गाडीवर डॉक्टरांकडे नेतो. तू रोज "गोळी खाल्ली का?" म्हणून दटावू नकोस. सूज उतरली का ते विचार, आकडा किती आला ते विचार. त्यांना सांगायला आवडतं. मशीन पाठवणार असशील तर दंडाला बांधायचं पाठव, मनगटाचं नको. मोजण्याआधी ५ मिनिटं टेकून बसायचं आणि हात छातीच्या उंचीवर ठेवायचा, हे मी काकूंना शिकवून ठेवतो.

तुझा,
रमेश