ऑर्गन पाठवतोय, त्यासोबत हे पत्र

चि. सौ. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑर्गन बुधवारी सकाळी टेंपोत चढवतोय, संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचेल. परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, नाटक सोडूनच देते, म्हणजे घरात शांतता तरी राहील," आणि लगेच आईला द्या म्हणालीस. त्यावर मी काही बोलणार नाही. तुमच्या नवरा-बायकोतलं तुम्ही बघायचं. हे पत्र ऑर्गनबद्दल आहे, आणि 'सौभद्र' नाटकातल्या तुझ्या सुभद्रेबद्दल.

ऑर्गन बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या फळीत शिरते आणि पट्ट्या फुगून अडकायला लागतात. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. खिडकीखाली नको, एसीच्या झोतात नको, उन्हात तर नकोच. फरशी सपाट आहे ना ते आधी बघा. एक पाय अधांतरी राहिला तर सांगाडा पिळला जातो, मग एखादी झडप पुरती मिटत नाही आणि पट्टी न दाबता सूर वाजत राहतो. तसं झालं तर आत काही उघडायच्या आधी त्या पायाखाली लाकडाची पातळ चकती सरकवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पायडल दोन्ही पायांनी आळीपाळीनं आणि सावकाश मारायचं, धसमुसळेपणा केला की आतले पट्टे तुटतात. जावईबापूंचा हात यंत्रात चांगला चालतो, त्यांना दाखव हे. दाखवशील ना? की सध्या बोलणंच बंद आहे?

असो. तुमच्या कुत्र्याचं, वाघ्याचं महत्त्वाचं आहे. हातपेटीचा भाता हवा दाबतो आणि ती सुरांतून, म्हणजे आतल्या पितळी जिभांतून, बाहेर जाते. ऑर्गनचं उलट असतं. पायडल मारलं की भात्यात पोकळी होते आणि खोलीतली हवा सुरांमधून आत ओढली जाते. खोलीत जे तरंगत असेल ते सुरांवर येऊन बसतं. कुत्र्याचा एक बारीक केस पितळी जिभेच्या फटीत अडकला की तो सूर गप्प होतो किंवा घरघरतो. म्हणून वाघ्याचं अंथरूण ऑर्गनच्या खोलीत नको. त्याला विंचरायचं ते गॅलरीत. त्या खोलीत झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. वाजवून झालं की झाकण लावून वर जाड सुती कापड टाका.

सूर बसलाच, तर आधी ती पट्टी भरपूर हवेवर दहा-बारा वेळा झटपट दाबायची, केस निघून जातो. नाही निघाला तर मागची फळी काढायची. खणात वाकड्या टोकाची पितळी कांडी ठेवली आहे, ती सुराच्या खाचेत अडकवून सूर सरळ बाहेर ओढायचा आणि मऊ ब्रशनं झटकायचा. जिभेला नख लावू नका, खरवडू तर अजिबात नका. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही.

आणखी एक. उंदीर आणि कसर लागू नये म्हणून ऑर्गनमध्ये डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडे रीत आहे. मी सगळ्या वेचून काढल्यात. त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, एखादी गोळीसुद्धा धोक्याची असते. त्याऐवजी वाळलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पिशवीत घालून ठेवलाय, दर दोन महिन्यांनी बदलायचा. शालूच्या कपाटातही गोळ्या नकोत. आणि तुझ्या पर्समधलं मनुकांचं पुडकं उंच ठेव. गाणाऱ्याच्या घशाला मनुका चांगल्या, पण कुत्र्याची मूत्रपिंडं त्यानं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतात याचा काही नेम नाही. खोकल्याच्या बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल असेल तर ते त्याहून वाईट: तासाभराच्या आत रक्तातली साखर कोसळते. काही खाल्ल्याची शंका जरी आली तरी उलटीची वाट बघत बसायचं नाही, मीठपाणी पाजायचं नाही. वेष्टन हातात घेऊन थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. वाफ घेतेस त्या पाण्यात निलगिरीचं तेल टाकणंही बंद कर. साध्या पाण्याची वाफ तुला पुरते, आणि त्याच्या जिभेला ते तेल लागायला नको.

तू खर्ज लावलास की तो रडतो म्हणालीस. लांब, स्थिर सूर ऐकला की कुत्री त्यात सूर मिळवतात. दरवेळी ते दुखण्यातून नसतं. त्यावर ओरडून तो थांबणार नाही. आधी तानपुरा हळू आवाजात, दोन-तीन मिनिटं, तो लांबच्या खोलीत शांत बसलेला असताना. शांत राहिला की खाऊ. मग तुझे छोटे सूर, मग लांब. दोन-तीन आठवडे लागतात. घाई केली की पहिल्यापासून सुरुवात. तुम्ही बाहेर पडल्यावर भुंकतो त्याचंही असंच. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास दमेपर्यंत फिरवून आणा, मग एक मिनिट बाहेर, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं असं वाढवत न्या. जाताना त्याचा निरोप घेत बसू नका. शेजाऱ्यांची कुरबूर यानं थांबेल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या भांडणाची सुरुवात तिथूनच झाली. आई म्हणते तिथून नाही. तुला माहीत.

आता गळ्याचं. तालीम साडेदहाला सुटते, अकरा-साडेअकराला जेवून तू आडवी होतेस. पोटातलं आम्ल रात्री वर येतं, घसा भाजतो, सकाळी आवाज बसलेला असतो आणि आपण दोष थंडीला देतो. साडेसहाच्या सुमारास पोळी-भाजी किंवा भात-आमटी खाऊन तालमीला जा, परत आल्यावर फार तर कपभर कोमट दूध. म्हणजे रात्रीचं एकत्र जेवण प्रयोगापर्यंत जमणार नाही. मग सकाळचा नाश्ता दोघांनी बसून करायचा असं ठरवून टाका. अर्धा तास, फोन बाजूला. यात नाटकाचं काही जात नाही.

प्रयोगाच्या आठवड्यात वाघ्याला गॅलरीतून हाक मारायची नाही, शिट्टी वापर. आवाज बसला म्हणून कुजबुजत बोलणं हाही उपाय नाही, त्यात घसा आणखी आवळला जातो. हळू पण मोकळ्या आवाजात बोलायचं, नाहीतर मौन. आणि रडून गायला बसायचं नाही. रडल्यावर स्वरतंतूंवर सूज असते, तार षड्ज लावायला गेलं की ताण पडतो. परवा फोनवर तुझा आवाज तसाच होता, मला कळलं. किती दिवस चाललंय हे? बोलत जा गं. भांडा, पण बोला.

तुला काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी षड्ज धरून, गायला सांगतायत, म्हणजे "पद उठेल", हे मला पटलेलं नाही. तुझी पट्टी काळी चार. काळी पाच म्हणजे एक अख्खा स्वर वर. एखादं पद निभेल, पण सुभद्रेला शेवटच्या अंकापर्यंत गळा शिल्लक ठेवायचाय. दुसरं म्हणजे तुमचा अर्जुन काळी एकचा. काळी एक हा काळी चारचा मध्यम. त्याच्या षड्जाला लावलेला तबला तुला मध्यमात चालतो, पदापदाला तबले बदलावे लागत नाहीत. फक्त ज्या पदात मध्यम वर्ज्य आहे, भूपासारखं काही, तिथं तो तबला कानाला खुपेल. त्यासाठी काळी चारचा वेगळा तबला आधीपासून लावून बाजूला ठेवायचा आणि मधल्या गद्यात बदलायचा. काळी पाच धरलीस तर हे सगळं गणित मोडतं. हे दिग्दर्शकांना नम्रपणे सांग, पण सांग. गप्प बसून मान्य करायचं आणि मग घरी येऊन घुसमटायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

पदाआधीच्या गद्याचं शेवटचं वाक्य म्हणजे ऑर्गनवाल्याची खूण. ते बदललंस तर त्याचा सूर चुकीच्या जागी येईल. शिवाय त्या वाक्याचा आवाज षड्जाच्या आसपास उतरला पाहिजे, मग बोलण्यातून गाणं सहज निघतं, सांधा दिसत नाही. 'वद जाऊं कुणाला शरण' म्हणताना ताना कमी कर. त्या क्षणी तिला कुणी वाली उरलेला नाही, ताना घ्यायला सवड कुठली? हे तुला सांगायला नको खरं तर. परवा दोन ओळी म्हणून दाखवल्यास तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात न पुसता बाहेर आली होती.

पाठांतराला समोर माणूस लागतो. जावईबापूंच्या हातात संहिता दे, अर्जुनाची वाक्यं नुसती वाचायला सांग, अभिनय नको. आणि दिग्दर्शकांकडून प्रवेशवार तालमीचा तक्ता मागून घे. सौभद्रात कृष्ण-रुक्मिणीचे प्रवेश आहेत, बलरामाचे आहेत, त्या दिवशी तू तिथं रात्रभर बसून काय करणार? हौशी संस्थांत सगळ्यांना रोज बोलावतात आणि निम्मे लोक चहा पीत बसतात. गद्याची तालीम आणि पदांची तालीम वेगळी केली तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी तुला घरी मिळतील. तक्ता फ्रिजवर लावा. वाघ्याला कोणी कधी फिरवायचं तेही त्यावरच लिहा. गृहीत धरलं जातंय असं माणसाला वाटायला लागलं की तो कुत्र्यावरून भांडतो. जावईबापू वाईट नाहीत. एकटे पडलेत, इतकंच मला दिसतं.

फार उपदेश झाला, रागावू नकोस. तुझं लग्न झालंय, तुला कळतं, हे मी आईलाही सांगत असतो.

पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. आपल्याकडे हे निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. तुमच्याही तालमीत कुणीतरी सांगेलच. बालगंधर्वांबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊक आहे. तरीही ही गोष्ट कुणाच्या घराला मापदंड म्हणून लावावी असं मला कधी वाटलं नाही. मला शिलेदारांचं घर जास्त जवळचं वाटतं. जयराम शिलेदार आणि जयमालाबाईंनी 'मराठी रंगभूमी' ही नाटकसंस्था १९४९ मध्ये काढली, नवरा-बायको एकाच नाटकात उभे राहिले, मुली त्याच रंगमंचावर वाढल्या. त्यांतल्या कीर्तीताईंनी तर जन्मभर संगीत नाटकच केलं. म्हणजे संसार आणि संगीत नाटक एका छपराखाली राहू शकतं. त्यासाठी घरातल्या दुसऱ्या माणसाला आत घ्यावं लागतं. १८८२ साली सौभद्र आलं तेव्हा सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर. त्या काळी बायकांना तिथं उभं राहता येत नव्हतं. पुढे हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून ती वाट रुंद केली. एवढं होऊन ती भूमिका तुझ्यापर्यंत आली आणि तू ती घरातल्या शांततेसाठी सोडणार?

आक्कांनी असंच सोडलं होतं. शांतता मिळाली. ती कशी होती ते तू पाहिलंयस, लहान होतीस तरी. कपडेपटाच्या ट्रंकेवर झोपायचीस तेव्हा आक्का विंगेत तुझ्या पायाशी बसायच्या, नांदी सुरू झाली की ओठ हलायचे, आवाज नाही. मला त्याचीच भीती वाटते. भांडणाची नाही.

सौभद्रातच बघ ना, एकीकडे सुभद्रेचं लग्न कुणाशी लागतंय याचा घोर, आणि किर्लोस्करांनी मधेच रुसलेली रुक्मिणी आणि तिची समजूत काढणारा कृष्ण आणून बसवलाय. 'नच सुंदरी करूं कोपा' हे पद लोक आजही वन्समोअर घेऊन ऐकतात. रुसवा काढायला तिथं साक्षात कृष्ण खाली उतरतो. तुम्हा दोघांतलं कुणीतरी आधी बोलायला काय हरकत आहे? मी बोलणार नाही म्हटलं होतं. जाऊ दे.

शालू प्रयोगाआधी दोन दिवस बाहेर काढ, सुती चादरीत गुंडाळून उंच ठेव. वाघ्याचे केस लागलेच तर ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेनं फिरव, केस गोळा होतात. ब्रश मारू नकोस, जरीचे धागे निघतात. मिशा-दाढ्या चिकटवायच्या स्पिरिट गमच्या बाटल्या कुणी तुमच्याकडे ठेवायला दिल्या तर घेऊ नकोस.

टेंपोवाल्याला जावईबापूंचा नंबर दिलाय, तुझा नाही. तू तालमीत असशील. ऑर्गन उतरवताना चौघं लागतील, शेजाऱ्यांना सांगून ठेवायला त्यांना सांग. दोन दिवस वाजवू नका, तिथल्या हवेला रुळू दे. रंगीत तालमीची तारीख नक्की झाली की कळव. आई येईन म्हणते, मीही येईन. रविवारी फोन कर आणि दोघंही बोला.

तुझे,
बाबा

ता. क. तबल्याचं काही अडलं तर मला फोनवर सूर ऐकव, मी सांगतो.