ओल्या भिंतीवर रंग नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात पाणी शिरले, नळ फुटला किंवा छत गळले, की फरशी पुसून झाल्यावर संकट टळले असे आपण समजतो. प्रत्यक्षात बुरशीचा धोका तेव्हाच सुरू झालेला असतो. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात आणि लाकूड, कागद, कापड, धूळ यांवर त्यांना अन्नही मिळते. हवा असतो तो फक्त ओलावा. म्हणून भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकवणे, हाच खरा प्रतिबंध आहे.

वीजप्रवाह बंद करून पाणी उपसावे, सामान भिंतीपासून दूर ओढावे, मग वीज पुन्हा सुरू करणे सुरक्षित झाल्यावर पंखे लावून दारे-खिडक्या उघडाव्यात. मात्र बाहेरची हवाच दमट असेल, तर खिडक्या मिटून आर्द्रता शोषणारे यंत्र वापरणे बरे. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. बुरशी दिसू लागली असेल, तर पंखा लावू नये, कारण त्याने बीजाणू घरभर पसरतात. पाण्यात बुडालेली गादी वेळेत सुकली नाही, तर कितीही जीव तुटला तरी ती टाकून द्यावी.

सर्वांत मोठी चूक भिंतीच्या बाबतीत होते, आणि ती आमच्या घरीही झाली. पाणी गिलाव्यातून वर चढते, त्यामुळे पाण्याच्या खुणेच्या वरचा भागही आतून ओला असतो, जरी तो हाताला कोरडा लागला तरी. रंगकाम करणाऱ्याच्या भरवशावर आम्ही घाईने पुट्टी आणि रंग लावून घेतला. काही महिन्यांतच पोपडे निघाले आणि कपाटामागची भिंत काळी पडली. दम्याचा त्रास असलेल्या माझ्या आईला त्या खोलीत झोपणे अशक्य झाले. बुरशी मेली, तरी तिचे अवशेष ॲलर्जी उत्पन्न करू शकतात, त्यामुळे ती मारून भागत नाही, काढूनच टाकावी लागते. गुळगुळीत पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करावा, तोंडाला एन-९५ मास्क आणि हातांत मोजे असावेत. सफाईला ब्लीच वापरलेच, तर त्यात अमोनिया किंवा आम्ल मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो, हे तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. बुरशी सुमारे एक चौरस मीटरपेक्षा जास्त पसरली असल्यास जाणकाराला बोलवावे.

पूर आणि अतिवृष्टीच्या बातम्यांसोबत, पहिल्या ४८ तासांत घर कसे सुकवावे याची ठळक चौकट आपण त्याच दिवशी छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक