वर्षाचा हिशेब एका कागदावर द्या

महोदय,

मी भांडुपला राहतो. स्वतःची गाडी आहे, ती टॅक्सी कंपनीच्या अ‍ॅपवर चालवतो. जुलै जवळ आला की विमानतळाच्या पार्किंगमध्ये आम्हा चालकांत आयकर रिटर्नचाच विषय असतो. अडचण कराच्या रकमेची नाही. आयकराच्या अनुमानित योजनेत (खर्चाचा हिशेब न मांडता जमेचा ठराविक हिस्सा उत्पन्न धरतात ती) डिजिटल जमेच्या किमान 6 टक्के आणि रोख जमेच्या किमान 8 टक्के उत्पन्न दाखवता येते. एवढ्यावर आमच्यापैकी बहुतेकांना कर लागतच नाही.

अडचण आहे ती जमा नेमकी कुठली धरायची याची. प्रवाशाने दिलेले पूर्ण भाडे, की कमिशन आणि सी लिंकचा टोल वजा होऊन बँकेत आलेली रक्कम? टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापून भरायचा कर, पूर्ण भाड्यावर कापतात, म्हणजे आयकर खात्याकडे मोठा आकडा जातो आणि पासबुकात लहान दिसतो. कंपनीचे हिशेब आठवड्याआठवड्याचे, तेही इंग्रजीत.

त्यात रिटर्न भरून देणारे नाक्यावरचे एजंट सरसकट 6 टक्केच उत्पन्न दाखवतात. कायदा ‘किमान’ म्हणतो, हे सोयीने विसरतात! मग गाडी बदलायला कर्ज मागितले की बँक तोच रिटर्न पुढे करते आणि म्हणते, एवढ्याशा उत्पन्नात हप्ता कसा भरणार? सीएनजी, विमा, हप्ता सांभाळून घर चालवणाऱ्याने यावर काय सांगावे?

भाडे, कमिशन, टोल, टीडीएस असा वर्षभराचा एकच कागद, मराठीत, एप्रिल-मेमध्ये देणे कंपन्यांना सक्तीचे करावे.

– एक टॅक्सीचालक, भांडुप (पश्चिम)