टेबल जामिनाच्या (पोलीस ठाण्यातच मिळणाऱ्या जामिनाच्या) त्या रात्रीबद्दल वकीलताईंना पत्र

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षीच्या आंबा हंगामात वाशीला पेट्या पोहोचवून परतताना माझ्या भावाचा टेम्पो महामार्गावर एका दुचाकीला धडकला, दुचाकीस्वाराचा पाय मोडला आणि शेजारच्या तालुक्यात भावाला अटक झाली. त्या माणसाला जे सोसावे लागले त्याचे दुःख आमच्या घराला आजही आहे. त्या रात्री तुम्ही धावून आलात, फी तर नाहीच, पण आंब्याची एक पेटीही तुम्ही स्वीकारली नाहीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पोलीस ठाण्यात आम्हाला एवढेच सांगण्यात आले होते की, याच तालुक्यातला, स्वतःच्या नावावर सातबारा असलेला जामीनदार आणा, नाहीतर सकाळी कोर्टात बघू. आमचे घर राजापूर तालुक्यात खाडीकाठी. सातबारा आजोबांच्या काळापासून सामाईक, त्यावर चौदा नावे आणि त्यातली निम्मी माणसे मुंबईला. आईने तर हातातल्या पाटल्या काढून माझ्या ओटीत टाकल्या होत्या. अशा वेळी शेजारच्या वहिनींना तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरात मिळालेले पत्रक आठवले आणि त्यावरून आम्ही तुमच्यापर्यंत पोहोचलो.

तुम्ही आल्यावर पहिला प्रश्न विचारलात तो कलमे कोणती लावली आहेत हा. भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणे आणि त्यातून दुखापत होणे, दोन्ही जामीनपात्र. मग तुम्ही आवाज न चढवता ठाणे अंमलदारांसमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ वाचलेत. जामीनपात्र गुन्ह्यात आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर त्याला सोडणे बंधनकारक आहे, तो अधिकार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही आहे, आणि आरोपी निर्धन असून जामीनदार देऊ शकत नसेल तर त्याच्याच जातमुचलक्यावर, म्हणजे हजर राहण्याच्या त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, त्याला सोडावे लागते, हे आम्ही आयुष्यात प्रथमच ऐकले. वॉरंटशिवाय अटक झालेल्या अशा माणसाला त्याचा जामिनाचा हक्क पोलिसांनी स्वतःहून सांगायचा असतो, हे कलम ४७ मध्ये आहे, हेही तुम्ही दाखवलेत. भावाला ते कोणी सांगितले नव्हते आणि त्याची खंत मला अजून आहे.

बाहेरच्या तालुक्यातला जामीनदार चालणार नाही, या मुद्द्यावर तुम्ही १९७८ च्या मोतीराम खटल्याची आठवण दिलीत. मध्य प्रदेशातल्या त्या गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्यावरून त्याची हमी नाकारण्यात आली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. एका गवंड्याचा खटला सत्तेचाळीस वर्षांनंतर आमच्या उपयोगी पडला, याचे मला त्या रात्री फार नवल वाटले.

मध्यरात्रीच्या सुमारास भाऊ पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर बाहेर आला. आई पैसे मोजायला लागली तेव्हा, ही रक्कम आत्ता भरायची नसते, तारखेला हजर राहिला नाही तर ती भरावी लागते, हे तुम्ही तिच्याजवळ बसून समजावलेत. भावाला मात्र कठोर शब्दांत बजावलेत की, मुचलका हे न्यायालयाला दिलेले वचन आहे आणि विनाकारण गैरहजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. अजामीनपात्र गुन्ह्यात असा हक्क नसतो, तिथे निर्णय न्यायालयाच्या विवेकावर असतो, हेही तुम्ही लपवले नाहीत. आम्हाला खोटा धीर न दिल्याबद्दल मी तुमची विशेष ऋणी आहे.

पैसे किती द्यायचे, असे मी संकोचाने विचारले, तेव्हा कोठडीतल्या व्यक्तीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, एवढेच तुम्ही म्हणालात आणि १५१०० हा मदतक्रमांक लिहून दिलात.

भाऊ एकही तारीख चुकवत नाही. तुम्ही कलमे लिहून दिलेल्या त्या कागदाच्या छायाप्रती काढून मी आमच्या वाडीतल्या सगळ्या टेम्पोचालकांना दिल्या आहेत. ते त्या गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवतात.

आपली नम्र,
राजापूर तालुक्यातील एक बहीण