अण्णा, ती ढाल बंद करू नका

हॅम्बुर्ग,
रविवार, 30 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, स्वेटर दोन आहेत, खोकला दिवाळीतच गेला. आई, फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो हीटरच्या कोरड्या हवेने. बाकी काही नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर माझी खिडकी सताड उघडी बघून तू ओरडलीस, त्याचं नीट सांगतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. इथे कडाक्याच्या थंडीतही दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या उघडायच्याच असतात. किलकिल्या नाही, पूर्ण. आधी हीटर बंद करायचा, मग समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या म्हणजे वारा आरपार जातो, आणि पाचेक मिनिटांनी सगळं लावून घ्यायचं. घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की अंघोळीची, भाताची, नुसत्या श्वासाचीसुद्धा वाफ आत कोंडते. ती गार भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आपल्याकडे आषाढात कपाटातल्या चपलांवर धरते तशी. बुरशी धरली तर हवा खेळती ठेवली नाही म्हणून भाडेकरूलाच जाब विचारतात. माझ्या भाडेकरारात तसं कलमच आहे. पहिल्या वर्षी मलाही कळेना. समोरच्या आजी शाल लपेटून उघड्या खिडकीशी उभ्या दिसायच्या, मला वाटायचं त्यांना बरं वाटत नसेल. आता मीही उठलो की आधी खिडकी उघडतो. तेवढी पाच मिनिटं टोपी घालतो, खरंच घालतो.

अण्णा, आता तुमच्या संगणकाचं. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणतो की डिफेंडर बंद केला की मशीन पळायला लागेल. कृपा करून बंद करू नका आणि त्यालाही करू देऊ नका. ते ढालीचं चित्र म्हणजेच डिफेंडर, विंडोजमध्ये आधीपासूनच असलेला अँटिव्हायरस. 2012 साली विंडोज 8 आलं तेव्हापासून तो सोबतच मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा एखादा अँटिव्हायरस घातला तर हा आपणहून बाजूला होतो, ते ठीक. पण दुसरा काहीच नसताना ह्याला घालवणं म्हणजे आंबा तयार झाल्यावर बागेतल्या राखणीच्या माणसाला गावी धाडण्यासारखं आहे. त्यात तुमचं विंडोज 10. त्याचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबरला थांबले. डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती मात्र 2028 पर्यंत मिळत राहणार आहे. म्हणजे उरलेली राखण ती एवढीच.

मशीन अडतं हे खरं आहे, तुमची तक्रार मी उडवून लावत नाही. डिफेंडर तपासणीला बसला की जुनी फिरती हार्ड डिस्क घरघरते आणि तुमची एक्सेलची वही उघडायला पाच मिनिटं घेते. पण दोष त्या डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली की फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. पैसे मी देतो.

एक गोष्ट मी फोनवर बोललो नाही. मे महिन्यात आलो होतो तेव्हा पेट्यांवरच्या लेबलांसाठी मित्राच्या पेनड्राइव्हवरून तो प्रोग्रॅम घातला, आठवतंय? तो चोरीचा होता. डिफेंडर त्याला चालू देईना, म्हणून मी अख्खी डी ड्राइव्ह तपासणीतून वगळली. तुम्ही मागे उभे राहून विचारलंत, "ते लाल काय आलं रे?" मी म्हटलं, काही नाही, आणि जेवायला उठलो. पानात फणसाची भाजी होती. रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरची सतत चालणारी राखण, आपण बंद केलं तरी काही वेळाने ते आपोआप चालू होतं, पण वगळलेली जागा तशीच राहते. त्याच डी ड्राइव्हवर आपला सातबारा, गिऱ्हाइकांचे हिशेब आणि आजोबांचे फोटो आहेत. सहा महिने ते राखणीवाचून पडलेत, आणि हे माझ्या हातून झालं. घाई होती, दुसऱ्या दिवशी गाडी होती, पण तुम्हाला खरं सांगायला हवं होतं.

तेव्हा धाकटीला शेजारी बसवा. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' लिहा, त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'मॅनेज सेटिंग्ज'. खाली 'एक्स्क्लूजन्स' म्हणजे वगळलेल्या जागांची यादी आहे. ती यादी उघडून डी ड्राइव्हवर क्लिक करा आणि 'रिमूव्ह' दाबा. मागे येऊन 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'फुल स्कॅन' रात्री लावून झोपा. लाईट गेली तर दुसऱ्या रात्री पुन्हा लावा. तो लेबलांचा प्रोग्रॅम पकडला जाईल, जाऊ दे. लेबलं मी एक्सेलमध्ये करून पाठवतो, मोहोराला अजून वेळ आहे. स्कॅन झाला की हिशेब पेनड्राइव्हवर उतरवा आणि पेनड्राइव्ह काढून आईच्या कपाटात ठेवा. संगणकाला लावून ठेवू नका, कारण फाइलींना कुलूप घालणारा व्हायरस आला तर तो पेनड्राइव्हवरच्या फाइलीही सोडत नाही. आणि कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी फोनवर ढाल बंद करायला सांगितली तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 लावायचा, हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

काका म्हणाले, मुलगा परदेशात बसून नुसत्या सूचना देतो. ते लागलं मला. पण ते चुकीचं बोलले असं म्हणवत नाही.

शुक्रवारी दीड लाख पाठवलेत. युरो शंभरच्या वर गेलाय, त्यामुळे मला फार जड गेलं नाही. एक लाख हॉलच्या आगाऊ रकमेला धरा, उरलेले कौलांना, नाहीतर एसएसडीला. धाकटीच्या साखरपुड्याला रजा मिळत नाही. दोनदा विचारलं. तिला मी स्वतः फोन करीन, तोवर तुम्ही काही बोलू नका. लग्नाला वैशाखात येतो, तिकीट काढलंय. आई, कणकवलीच्या स्थळाचं तू पत्रात दोनदा लिहिलंस. मी टाळत नाहीये. धाकटीचं पार पडू दे, मग समोर बसून बोलू. तोवर पत्रिका परत पाठवू नकोस.

आजीला नमस्कार. अण्णा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमचा,
बाळ

ता. क. डी ड्राइव्ह यादीतून गेली की लगेच फोन करा. तुमचे पहाटेचे सहा म्हणजे इथे रात्रीचा दीड, तरी उचलेन.